कोंबडीजाळी मारली तरी कोंबड्या जातायत. जाळी कुठली घ्यावी, कशी मारावी? (कोल्हापूर भाग)

डोंगरपायथा

नमस्कार मंडळी. वाडी रत्नागिरीच्या खालच्या अंगाला आमची वस्ती आहे. सासूबाईंनी गावरान आणि गिरिराज कोंबड्या पाळल्यात. घरी लागतील तेवढी अंडी ठेवून बाकीची ओळखीच्या घरांत जातात, सणावाराला एखादा कोंबडा विकला जातो आणि तो पैसा त्यांच्या हातचा असतो. त्यामुळं एक कोंबडी गेली तरी घरात दिवसभर तोच विषय.

घर बांधताना गिलाव्यासाठी आणलेली कोंबडीजाळी उरली होती. ती परड्याभोवती बांबूंना बांधलीय. उंची साधारण माझ्या खांद्याएवढी, वरून उघडं. रात्री कोंबड्या खुराड्यात असतात. खुराडं विटांचं, वर पत्रा, पुढच्या तोंडाला तीच जाळी. तरीही पाऊस सरल्यापासून कोंबड्या कमी व्हायला लागल्यात. पिल्लं तर नुसती नाहीशी होतात, पीससुद्धा सापडत नाही. परवा एक तलंग (अजून अंड्यावर न आलेली कोंबडी) खुराड्यात जाळीच्या कडेलाच मरून पडलेली दिसली, मुंडकं नव्हतं. जाळी कुठं फाटलेली नाही.

शेजारचे म्हणतात मुंगूस, सासरे म्हणतात रानमांजर. जाळी बदलावी का? बदलायची तर कुठली? खर्च एकदाच करायचा आहे, म्हणून आधी इथं विचारतेय.

उद्यमनगरी

ताई, गिलाव्याची जाळी वेगळी आणि जनावरासाठीची वेगळी. मेस्त्री लोक कॉलम आणि विटांच्या जोडावर ती मारतात, तिथं गिलाव्याला तडा जाऊ नये म्हणून. तिला ताकद लागतच नाही, त्यामुळं ती २४-२६ गेजची असते. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. २४ गेज म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जेमतेम जाड. भटक्या कुत्र्यानं पंजा घालून दोनदा ओढलं की ती गेली. कोंबड्यांसाठी म्हणून मिळते ती २० किंवा २२ गेजची असते, आणि तीही कोंबडी आत ठेवायला ठीक. शिकारी बाहेर ठेवायचा असेल तर वेल्डमेश, म्हणजे तारांचे जोड वेल्डिंग केलेली चौकोनी भोकांची जाळी. अर्धा इंच बाय अर्धा इंच, १८-१९ गेज.

रानवाटा

जाळी घ्यायच्या आधी कोण येतंय ते ठरवा. प्रत्येकाची येण्याची वेळ आणि रीत वेगळी असते.

मुंगूस दिवसा फिरतं. सकाळी उन्हं वर आल्यावर किंवा दुपारी कोंबडी गेली तर पहिला संशय त्याच्यावर. मानेला धरतं आणि जमलं तर झुडपात ओढून नेतं. अंडी फोडून खातं, टरफलं मागं राहतात. उदमांजर आणि रानमांजर बहुतेक रात्रीचे. साप अंडं अख्खं गिळतो, टरफल मिळत नाही. घोरपडसुद्धा अंडी गिळते आणि लहान पिल्लंही सोडत नाही. तीही दिवसाच येते. घार आणि शिक्रा उघड्यावरची पिल्लं उचलतात, त्यांचा माग जमिनीवर मिळायचा नाही.

तुमच्याकडं निदान दोन वेगळी जनावरं आहेत असं मला वाटतं. पिल्लं पीस न ठेवता जातायत, तीही रात्रीत जात असतील, तर घुशी बघा. खुराड्याच्या पायाशी, चुलीच्या मागं, गवताच्या गंजीखाली ताज्या मातीचा ढीग आहे का? घूस पिल्लू बिळात ओढून नेते. आणि मुंडकं नसलेली तलंग आतच पडलीय, जाळी शाबूत आहे, म्हणजे जनावर आत आलेलंच नाही. कोंबडी जाळीला टेकून झोपली होती. बाहेरून मांजरानं नाहीतर उदमांजरानं पंजा घालून मान भोकातून ओढली. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही, ती जागची हलत नाही.

डोंगरपायथा

रानवाटा, तुम्ही लिहिलंत तसंच आहे. कोंबड्या रात्री बसतात ती दांडी जाळीला अगदी लागून आहे आणि तलंग त्याच कोपऱ्यात होती. खुराड्याच्या मागं मातीचे ढीग आहेत, सासूबाई म्हणाल्या ते दरवर्षीचेच. पिल्लं रात्रीतच जातात हेही खरं. डालग्याखाली झाकलेली असतात, सकाळी डालगं उचललं की कमी भरतात.

रानवाटा

मग घूसच. डालग्याखालून माती उकरून येते. घार दिवसा काय ते करेल, डालग्याखालचं पिल्लू तिच्या हाती लागत नाही.

जुनी_पोल्ट्री

सविस्तर लिहितो. माझं आयुष्य कोंबड्यांत गेलंय आणि ही तक्रार मी करवीर, पन्हाळा, राधानगरी सगळीकडं ऐकलीय.

पहिली गोष्ट. दिवसाचं आवार आणि रात्रीचं खुराडं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्हीला एकच जाळी लावली की पैसेही जातात आणि कोंबड्याही. दिवसा माणसं, कुत्रं, वर्दळ असते. तिथं कोंबडी शेजारच्या भाजीत जाऊ नये एवढंच काम, त्याला षटकोनी कोंबडीजाळी पुरते. रात्री मात्र खुराडं पक्कं बंद हवं. पैसा सगळा तिथं ओता.

खुराड्याच्या प्रत्येक उघड्या तोंडाला अर्धा इंची वेल्डमेश. पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या फटीलासुद्धा. तिकडं कोणी बघत नाही आणि उदमांजर नेमकं तिथून उतरतं. जाळी चौकटीच्या बाहेरच्या बाजूनं मारा. आतून मारली तर जनावर ढकलतं तेव्हा खिळे सुटतात, बाहेरून मारली तर त्याचा जोर चौकटीवरच येतो. नुसत्या यू-खिळ्यांवर भागवू नका, वरून लाकडी पट्टी ठोका किंवा वायसर घालून स्क्रू मारा. दांडी जाळीपासून हातभर आत घ्या. एवढं एक आज संध्याकाळी केलंत तरी मुंडकी जायची थांबतील, नवी जाळी यायच्या आधीच.

दुसरी गोष्ट जमिनीची. जाळी जमिनीला टेकवून सोडली तर कुत्रं आणि घूस खालून येणारच. हातभर खोल चर खणून जाळी उभी पुरायची असं सगळे सांगतात. पण आपल्या पश्चिम भागात जांभा लागला की पहार दणकून परत येते, चर होत नाही. त्याऐवजी जाळी बाहेरच्या बाजूला आडवी पसरा. दीड-दोन फुटांची पट्टी, उभ्या जाळीला बांधण तारेनं टाचत जोडायची, वर माती आणि दगड. उकरणारं जनावर जाळीच्या बुडालाच येऊन उकरतं. खाली तार लागली की बाजूला सरकून बघतं, पण दोन फूट मागं जाऊन उकरावं हे त्याला सुचत नाही. पावसाळ्यात तिच्यातून गवत वर येतं आणि पट्टी जमिनीला घट्ट बसते. ही पट्टी मात्र बारीक गिलाव्याच्या जाळीची नको, मातीत एका पावसाळ्यात कुजेल.

घुशीसाठी खुराड्याच्या जमिनीला सिमेंटचा कोबा करा. तेवढं जमत नसेल तर खाली अर्धा इंची वेल्डमेश अंथरा, भिंतीला चार बोटं वर वळवा आणि त्यावर माती व भाताचं तूस टाका. आणि रात्री खाद्य आत ठेवू नका. खाद्याला उंदीर-घुशी येतात, त्यांच्या मागं धामण आणि नाग येतात. सांडलेला भरडा संध्याकाळी झाडून काढला की निम्मा ताप कमी होतो.

तिसरं, पिल्लं. दोन इंची भोकातून पिल्लू सरळ बाहेर जातं, एक दिवसाचं तर एक इंचीतूनही निसटतं. पिल्लांच्या जागेला खालचे दोन फूट अर्धा इंची हवीच.

कळंब्याची_सून

जुनी पोल्ट्री काका, गावरान कोंबडी पाच-सहा फूट सहज उडते. वरून उघडं ठेवून चालेल का?

जुनी_पोल्ट्री

चालेल. एका बाजूच्या पंखाची लांब पिसं कापा. एकाच बाजूची, म्हणजे तोल जातो आणि उडता येत नाही. वाढ पूर्ण झालेलं पीस असेल तर दुखत नाही. ज्या पिसाच्या देठात रक्त दिसतं ते कापायचं नाही. पिसं गळून नवी आली की पुन्हा कापावं लागतं. पिल्लांच्या भागावर मात्र शेडनेट टाका, घारीपासून तेवढंच राखण.

इचलकरंजी_माग

आमचा धंदा मागाचा, म्हणून एक लिहितो. षटकोनी जाळी इंग्लंडात नॉर्विचच्या चार्ल्स बर्नार्ड यांनी १८४४ मध्ये काढली, ती कापड विणायच्या यंत्राच्याच धर्तीवर. तिला जोड नाही, नुसता पीळ आहे. म्हणून ती लांबीत ताणली की रुंदीत आकसते. चार फुटी गुंडाळी जोरात ओढली की मध्ये उंची कमी होते आणि खाली फट पडते. आधी वर आणि खाली दहा-बारा गेजची जी.आय. (जस्त चढवलेली) तार खांबांना ताणून घ्या. मग जाळी हलक्या हातानं सरळ करून त्या तारांना वितीवितीवर बांधा. ताण तारेनं घ्यायचा, जाळीनं फक्त भरून काढायचं. खांब सहा-आठ फुटांवर, आणि कोपऱ्याच्या खांबाला तिरका टेकू हवाच, नाहीतर तार ताणली की तो आत झुकतो.

डोंगरपायथा

खांब बांबूचेच ठेवले तर? सासऱ्यांचं म्हणणं, बांबू घरचा आहे.

गगनबावडा_पाऊस

आमच्याकडं बांबू जमिनीलगत एका पावसात कुजतो. तुमच्याकडं पाऊस कमी, दोन वर्षं काढेल. कोपऱ्यांना आणि फाटकाला तेवढे लोखंडी अँगल लावा, मधे बांबू चालेल. अँगल जमिनीत जाईल तेवढ्या भागाला डांबर किंवा ब्लॅक जपान दोन हात.

जाळीचंही तेच. गंज मधे लागत नाही, जमिनीलगत लागतो आणि जिथं शिट साचते तिथं लागतो. ओल्या शिटेतला अमोनिया जस्ताचा थर खातो. आम्ही बुडाला वीतभर पट्टी वेगळी बांधतो. ती गंजली की तेवढीच बदलायची, वरची जाळी तशीच राहते. घेताना पिळाच्या जागी बोट फिरवून बघा. जाळी विणून झाल्यावर जस्तात बुडवलेली असेल तर पिळातल्या फटी भरलेल्या लागतात. आधी जस्त दिलेली तार विणलेली असेल तर पिळाला थर तडकतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. विणून बुडवलेली महाग पडते, पण आमच्या पावसात तीच टिकते. एक विसरू नका. तोडलेल्या टोकांना जस्त नसतं. टोकं आत दुमडा आणि रंगाचा हात मारा, कोंबडीच्या डोळ्याला लागत नाही आणि गंजही थांबतो.

कृष्णाकाठ

शिरोळकडच्या मंडळींसाठी थोडं वेगळं. आमची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब हलवून सोडते. खांबाच्या खड्ड्यात काळी माती परत भरायची नाही, मुरूम आणि खडी ठासायची.

पुराचा विषय त्याहून मोठा. २०१९ आणि २०२१ ला ज्यांच्या मळ्यात पाणी आलं त्यांना माहीत आहे. जाळीला जलपर्णी, उसाचा पाला, कचरा अडकतो. अडकला की जाळीची भिंत होते आणि पाणी खांबासकट उपटून नेतं. आम्ही आता नदीकडची बाजू चौकटींची केलीय. पाणी चढायला लागलं की चौकटी काढून माळ्यावर टाकायच्या. कोंबड्या त्याआधीच उंचावर हलवायच्या, बंद जाळीत ठेवून जायचं नाही. हे मी मुद्दाम लिहितोय. घाईत माणसं निघतात, जनावरांची दावी सोडतात आणि खुराडं राहून जातं. खुराड्याला कुलूप असेल तर किल्ली तिथंच खिळ्याला लटकवा. घरात कोणालाही, पोरालासुद्धा, उघडता आलं पाहिजे.

डोंगरपायथा

कृष्णाकाठ, हे वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडं पूर येत नाही, पण किल्लीचं घरात सांगितलं.

माळावरचा

एवढा खटाटोप कशाला? जाळीत रात्री करंट सोडा. एक मेलं की दुसरं येत नाही. आमच्याकडं करतात.

उद्यमनगरी

माळावरचा, हे इथं कोणी वाचून करू नये म्हणून लगेच लिहितोय. घरची २३० व्होल्टची लाईन जाळीत सोडली तर पहिला मरेल तो पहाटे परड्यात जाणारा माणूस. धुकं पडलेलं, पाय ओले, हात जाळीला. दरवर्षी अशा तारांना चिकटून शेतकरी, त्यांची पोरं, राखणीचे बैल मरतात आणि तार लावणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. झटका मशीन वेगळं. ते बॅटरीवर किंवा सोलरवर चालतं, सेकंदाला एक अगदी क्षणभराचा झटका देतं. धक्का बसतो, पण चिकटून राहत नाही, जनावर पळतं. तेसुद्धा कोंबडीजाळीला जोडायचं नसतं. जाळी जमिनीला टेकलेली असते, सगळा करंट मातीत जातो. त्याची तार इन्सुलेटरवर वेगळी, जाळीच्या बाहेर वीतभर अंतरावर ओढायची.

रानवाटा

आणि मारायचा विचारच नको. मुंगूस, उदमांजर, रानमांजर, घोरपड या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. विष ठेवलं तर तुमचंच कुत्रं मरतं, मेलेली घूस खाऊन घुबड मरतं. घुबड गेलं की घुशी वाढतात. त्यापेक्षा त्यांना आत येता येणार नाही असं करा, दोघंही जगतात.

सापाचंही लिहितो. शेडनेट किंवा नायलॉनची मासेमारीची जुनी जाळी जमिनीपर्यंत सोडू नका. साप तिच्यात गुरफटतो आणि सुटायच्या धडपडीत सोलवटून मरतो. एक इंची तारजाळीतही तो अडकतो. रिकाम्या पोटी आत जातो, अंडं गिळतो आणि फुगलेल्या पोटानं परत निघताना मधेच अडकतो. असा दिसला तर ओढू नका. जवळच्या सर्पमित्राला बोलवा किंवा वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.

दाजीपूर_रोड

आमच्याकडं गवे उसात येतात, रानडुकरं भुईमूग उकरतात. त्याला पण ही जाळी चालंल का? दुकानदार म्हणतोय जाड गेजची घ्या, काय होत न्हाई.

जुनी_पोल्ट्री

दादा, दुकानदाराचं ऐकू नका. गव्यापुढं कोंबडीजाळी नुसती दोऱ्यासारखी तुटते. गवा चेनलिंकची जाड कुंपणजाळीसुद्धा खांबासकट वाकवतो. डुक्कर थोबाडानं खालून उचलतं, त्यामुळं जाळी कितीही जाड असली तरी बूड पक्कं नसेल तर उपयोग नाही. तुमच्यासाठी सौर कुंपण हाच मार्ग. जंगलालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्याला अनुदान आहे, वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. एकट्यानं आपल्या तुकड्याला लावण्यापेक्षा शिवारानं मिळून लावा. एकानं अडवलं की कळप शेजाऱ्याच्या उसात शिरतो आणि गावात भांडणं लागतात. आणि कुंपणाखालचं गवत कापत राहा, ओलं गवत तारेला लागलं की झटका मरतो.

आजरा-चंदगडच्या हत्तीसाठी तर जाळीचं नावच नको.

राजारामपुरी_गच्ची

आमच्या गच्चीवर मेथी-कोथिंबीर कबुतरं खातात आणि कुंड्या मांजर उकरतं. मांजरासाठी कोंबडीजाळी मातीवर आडवी पसरून त्यातून रोपं वर येऊ दिली. मांजराला तार पायाला आवडत नाही, उकरणं बंद. विषय थोडा वेगळा आहे, पण उरलेली जाळी असेल तर डोंगरपायथा ताईंनाही भाजीच्या वाफ्यात कामाला येईल.

गगनबावडा_पाऊस

उरलेली गिलाव्याची जाळी कलमांभोवती गोल करून लावा. ससा साल कुरतडतो ते थांबतं. बुंध्यापासून वीतभर लांब ठेवा आणि झाड वाढेल तसं सैल करत जा, नाहीतर तार सालीत रुतते.

डोंगरपायथा

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. दांडी काल आत घेतली. आता बेत असा: खुराड्याला पुढून आणि पत्र्याखाली अर्धा इंची वेल्डमेश, खाली कोबा, मागची घुशींची बिळं दगड-चुन्यानं बुजवायची. परड्याला चार फुटी एक इंची २० गेज कोंबडीजाळी, बाहेर दीड फूट वेल्डमेशची पट्टी, कोपऱ्याला अँगल. गिलाव्याची जाळी आंब्यांना.

दोन प्रश्न राहिले. वेल्डमेश पूर्ण गुंडाळीच घ्यावी लागते का? आणि फाटक कसं करावं? आत्ता नुसता जाळीचा तुकडा दोरीनं बांधलाय.

उद्यमनगरी

लक्ष्मीपुरीत हार्डवेअरवाले फुटावर कापून देतात. विचारताना "अर्धा इंची वेल्डमेश" म्हणा, नुसतं "बारीक जाळी" म्हटलं तर खिडकीची मच्छरजाळी पुढं ठेवतील. गेज त्यांच्या तोंडी हिशोबावर सोडू नका, तार मोजून घ्या. १९ गेज म्हणजे साधारण एक मिलिमीटर. दुकानात व्हर्नियर नसेल तर माझ्याकडं आहे, उद्यमनगरात याल तेव्हा निरोप द्या.

फाटकाला जुन्या खिडकीची चौकट चालेल, त्यावर वेल्डमेश मारा. फाटक बाहेर उघडणारं करा आणि खाली उंबऱ्याला एक दगड नाहीतर सिमेंटची पट्टी द्या. फाटकाखालची फट हीच कुत्र्याची वाट असते. कडी दोन ठिकाणी, वर आणि खाली. एकाच कडीवर फाटकाचा खालचा कोपरा ढकलून वाकतो. बिजागरीच्या बाजूलाही बोटभरापेक्षा जास्त फट नको.

जुनी_पोल्ट्री

बिळं बुजवायच्या आधी दोन-तीन संध्याकाळी नुसती माती लोटून ठेवा. सकाळी जे उघडं सापडेल ते चालू बीळ. नुसत्या चुन्यात घूस परत उकरते. फुटक्या बाटल्यांची काच घालतात काही जण, ते करू नका, कोंबड्या उकरून वर काढतात. खडी आणि सिमेंट ठासा आणि कोबा त्याच आठवड्यात करा. मधे दिवस गेले तर घूस शेजारी नवं बीळ काढेल. कोबा वाळेपर्यंत पिल्लं घरात घ्या, ओल्या सिमेंटवर पाय भाजतात.